ठेवायला दिलेले आवाज

सकाळचा चहा गॅसवर असतानाच पान उघडून बघायचं, ही मास्तरांची सवय. त्या दिवशी पान उघडलं नाही. पांढऱ्या पडद्याच्या मधोमध नुसती एक ओळ होती : हे खातं स्थगित करण्यात आलं आहे, कृपया आपल्या सेवा पुरवठादाराशी संपर्क साधावा.

मास्तरांनी पुन्हा उघडून बघितलं. तीच ओळ. संगणक बंद करून चालू केला. तीच ओळ.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते गाडी शिकवायचे. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून "क्लच, क्लच, अहो क्लच!" असं ओरडण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती आणि त्यांच्याकडे शिकलेली माणसं त्यांना पाठीमागे क्लचमास्तर म्हणायची. आवाज असा की काचा बंद असल्या तरी रस्त्यापलीकडच्या माणसाने दचकून पाय ब्रेकवर ठेवावा. मग घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढून टाकावं लागलं आणि तो आवाज गेला तो गेलाच. आता गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी पाडलेलं भोक होतं, त्यावर सुती रुमाल. बोलायचं झालं तर मुठीत मावणारं एक यंत्र गळ्याला टेकवायचं. यंत्र गुणगुणायचं, मास्तर ओठ हलवायचे, आणि बाहेर पडायचे ते शब्दच असायचे, पण सगळे एका सुरात. त्यात चढ नाही, उतार नाही, राग नाही, लाड नाही.

"भांडायचीसुद्धा सोय राहिली नाही," मास्तरांची बायको म्हणायची. "हे चिडलेत की दूध संपलंय म्हणून सांगतायत, कळायला मार्ग नाही."

त्यांना सगळे वहिनी म्हणायचे. सगळे म्हणजे पानावरचे लोक.

पान म्हणजे मास्तरांची वेबसाइट. ऑपरेशन होऊन घरी आल्यावर मोठ्या दुखण्यापेक्षा बारीकसारीक गोष्टींनीच त्यांना रडकुंडीला आणलं होतं. आंघोळ करताना भोकात पाणी जाऊ नये म्हणून काय करायचं? शिंक आली की रुमाल नाकाला लावायचा की गळ्याला? झोपेत पांघरूण वर सरकलं तर? डॉक्टरांना हे विचारायला लाज वाटायची आणि दुसरं विचारण्यासारखं कोणी नव्हतं. तेव्हा त्यांनी मेहुण्याला कामाला लावलं. मेहुण्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं आणि जिभेला हाड नव्हतं. त्याने इंटरनेटवर भाड्याने जागा देणारी एक छोटीशी कंपनी गाठली, मास्तरांच्या नावाने खातं काढलं आणि पान उभं करून दिलं. मास्तर आपल्याला जे जे कळत गेलं ते त्यावर लिहीत गेले. हळूहळू कुठून कुठून माणसं आली. कोणी क्रेन चालवणारा, कोणी वकील, कोणी पोहायला शिकवणारी बाई. गळ्यावर बांधायचे रुमाल बाजारात धड मिळत नाहीत अशी तक्रार आली, तेव्हा वहिनींनी मशीन काढलं आणि मागेल त्याला शिवून पाठवायला लागल्या.

आणि पानावर आवाज होते.

ही कल्पना मास्तरांची. त्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा आवाज साठवून ठेवा असं त्यांना कोणी सुचवलंच नव्हतं. मागाहून वहिनींनी घरातले सगळे फोन धुंडाळले तर एका जुन्या व्हिडिओत मास्तर "हं, चालू झालं का?" एवढंच म्हणताना सापडले. म्हणून पानावर कोणी नवा माणूस आला आणि त्याचं ऑपरेशन व्हायचं असलं की मास्तरांचा पहिला निरोप हाच : आधी बोलून ठेवा. काहीही बोला, शिव्या द्या, गाणं म्हणा, पण बोला. आणि कुठे ठेवायचं असा प्रश्न पडला तर इथे ठेवा, इथे ते जपून राहील. लोक बोलायचे आणि पानावर ठेवायचे. ज्याच्या त्याच्या नावाखाली एक छोटं बटण. दाबलं की माणूस बोलायला लागायचा.

"भावोजी, रोजचा बॅकअप असतो," मेहुणा म्हणाला होता. "आणि सगळं क्लाउडवर. क्लाउड म्हणजे ढग! ढगातलं काढून न्यायला कोण जातंय?"

मधल्या काळात ती छोटी कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. 'आपल्या सेवेत सुधारणा होत आहे' असं एक ईमेल आलं. मास्तरांनी ते वाचलं आणि विसरूनही गेले.

त्या सकाळी पडद्यावरची ओळ बघताना मास्तरांच्या मनात सगळ्यात आधी आले बेकरीवाले. दुसऱ्या गावी त्यांची बेकरी होती. त्यांचं ऑपरेशन चार दिवसांवर आलं होतं. मागच्याच आठवड्यात त्यांनी आपला आवाज पानावर ठेवला होता आणि मास्तरांनी तो पुन्हा पुन्हा ऐकला होता, कारण तसं रेकॉर्डिंग कोणी केलं नव्हतं. बेकरीवाले भाषणबिषण करत बसले नाहीत. घरातल्या एकेकाला ते ज्या हाकेने बोलावायचे तशी त्यांनी हाक मारली होती. बायकोला "अगं ऐकलंस का", मुलीला "ए लबाडे", जावयाला "या राजे", भट्टीवरच्या गड्याला "मेलास का रे?" मुलीला दिवस गेले होते. जन्माला यायच्या बाळालासुद्धा त्यांनी "कोण आलंय, कोण आलंय" अशी हाक मारून ठेवली होती. आणि शेवटी स्वतःच्याच वेडेपणाला ते खो खो हसले होते. ते हसणं मास्तरांच्या काळजात रुतलं होतं. स्वरयंत्र गेलं की बोलण्याला यंत्र मिळतं, हसण्याला मिळत नाही. खांदे हलतात, तोंड उघडतं, आवाज नाही. हे बेकरीवाल्यांना अजून माहीत नव्हतं. ऑपरेशनच्या तोंडावर त्यांना घाबरवायला नको, तोवर पान उघडेलच, असं मास्तरांनी ठरवलं.

कंपनीशी बोलायचं म्हणजे एक छोटी खिडकी उघडून तिच्यात लिहायचं. लिहायचं आहे म्हटल्यावर मास्तरांना हायसं वाटलं. लिहिण्यात ते आणि बाकीचं जग सारखंच होतं.

"आपल्या खात्यात मोठ्या प्रमाणावर ऑडिओ फायली आढळल्या," समोरून उत्तर आलं. "आपल्या योजनेतली जागा वेबसाइटसाठी आहे, गोदामासाठी नाही."

"तो वेबसाइटचाच भाग आहे. माणसांचे आवाज आहेत ते," मास्तरांनी लिहिलं.

"समजलं. तरी नियमानुसार ही साठवणूकच धरली जाते."

"मग काढून नेतो. फक्त उतरवून घेण्यापुरतं खातं उघडा."

"अवश्य! त्यासाठी खातेदाराची ओळख पटवावी लागेल. आमचा पडताळणी विभाग आपल्याला फोन करेल."

मास्तरांनी यंत्राकडे बघितलं. मग सावकाश, एकही शब्द चुकू न देता लिहिलं की माझं स्वरयंत्र काढलेलं आहे, मला फोनवर बोलता येत नाही, ओळखपत्र पाठवतो, डॉक्टरांचा कागद पाठवतो, म्हणाल तर समोर येऊन उभा राहतो.

खिडकीत बराच वेळ तीन ठिपके नाचत राहिले.

"आपल्या अडचणीबद्दल आम्हाला सहानुभूती आहे. पडताळणी फक्त फोनवरच होते. आणखी काही मदत करू?"

दुसऱ्या दिवशी खिडकीत दुसरं कोणी होतं. त्याला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. तिसऱ्या दिवशी तिसरं. प्रत्येक जण आधी दिलगिरी व्यक्त करायचा आणि मग नन्नाचा पाढा सुरू करायचा. दर वेळी शेवटी एक प्रश्न यायचा : आमची सेवा कशी वाटली, तारे द्या. वहिनी म्हणाल्या, "द्या की. दिवसाढवळ्या दाखवलेतच त्यांनी."

मग फोन आला. वहिनींनी उचलला. पलीकडे एक तरुण मुलगी.

"खातेदारांशी बोलायचं होतं."

"मी त्यांची बायको. त्यांना बोलता येत नाही हो, मी सांगते ना सगळं. जन्मतारीख सांगू? पत्ता सांगू?"

"मॅडम, खातेदारांशीच बोलावं लागेल."

वहिनींनी फोन मास्तरांच्या तोंडासमोर धरला. मास्तरांनी यंत्र गळ्याला टेकवलं. घाईत ते नीट बसलं नाही, आणि यंत्र त्वचेवरून सरकलं की शब्द फाटतात.

"मी. खातेदार. बोलतोय," यंत्र म्हणालं.

"हॅलो?"

"मी. खाते..."

"हॅलो, हा मशीनचा कॉल आहे का? सॉरी, मशीनच्या कॉलला आम्ही उत्तर देत नाही."

"अहो मशीन नाही, माणूस आहे तो!" वहिनी ओरडल्या. पण फोन ठेवला गेला होता.

मास्तर खिडकीशी जाऊन उभे राहिले. समोरच्या इमारतीत कोणीतरी गालिचा झटकत होतं. वहिनी मागून जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवणार होत्या, पण त्यांनी तो अर्ध्यावरूनच मागे घेतला. मास्तरांची पाठ बघून त्यांना वाटलं, आत्ता हात लावला तर हा माणूस मोडेल.

त्याच आठवड्यात बेकरीवाल्यांचं ऑपरेशन झालं. मुलीचा निरोप आला : बाबा ठीक आहेत, नळीतून जेवतात, पाटीवर लिहून भांडतात. पान उघडत नाहीये, ते विचारतायत.

मास्तरांनी लिहिलं, "दुरुस्ती चालू आहे." लिहून झाल्यावर ते स्वतःच्याच शब्दांकडे बघत बसले. इतकी वर्षं पानावर त्यांनी एक गोष्ट पाळली होती, कोणाला खोटा धीर द्यायचा नाही.

मेहुणा धावून आला तो असा. त्याने सगळं ऐकून घेतलं, डोक्याला हात लावला आणि म्हणाला, "एवढंच ना? आवाजच पाहिजे ना त्यांना? माझ्याकडे काय आवाजाची कमी आहे? भावोजी, तुम्ही फक्त गप्प बसा."

वहिनींनी डोळे वटारले.

"म्हणजे तसं नाही गं ताई... म्हणजे मी भावोजी म्हणून बोलतो. दोन मिनिटांचं काम."

मास्तरांना ते पटलं नाही. त्यांनी मान हलवली, नाही. मेहुणा म्हणाला, "मग दुसरा मार्ग सांगा." दुसरा मार्ग कोणाकडेच नव्हता. मास्तर बराच वेळ टेबलाच्या कडेवरचा निघालेला लाकडाचा पापुद्रा नखाने सोलत राहिले. मग त्यांनी मान पुन्हा हलवली. या वेळी होकाराची.

फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला होता. मेहुण्याने खातेदाराचं पूर्ण नाव खणखणीत सांगितलं. पत्ता सांगितला. जन्मतारखेला अडखळला, तेव्हा वहिनींनी तळहातावर पेनाने लिहून त्याच्या नाकासमोर धरली. पलीकडचा माणूस "हो सर, बरोबर सर" म्हणत होता. स्वतःच्या नावाने दुसऱ्याला बोलताना ऐकणं मास्तरांना विचित्र वाटत होतं. पण मेहुणा बोलत छान होता. शेवटी शेवटी तर तो मास्तरांसारखाच दरडावायलाही लागला, "अहो किती दिवस चाललंय हे तुमचं!"

"सर, फक्त एक मिनिट," पलीकडचा माणूस म्हणाला. बटणांचा आवाज आला. "इथे एक नोंद दिसतेय. खातेदाराने लेखी कळवलंय की त्यांना बोलता येत नाही. स्वरयंत्र काढलेलं आहे."

मेहुण्याने वहिनींकडे बघितलं.

"हो, म्हणजे," मेहुणा म्हणाला, "आता जरा बरं आहे."

मास्तरांनी झडप घालून फोन ओढून घेतला आणि यंत्र गळ्यावर दाबलं. "मी. खातेदार. हा. मेहुणा. चुकलं. माझं. ऐका."

"सर, लाइनवर कोणीतरी आवाज बदलून बोलतंय," पलीकडचा माणूस म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, भीती होती. "मला हे वर कळवावं लागेल." आणि फोन बंद.

संध्याकाळच्या आत ईमेल आलं. खातेदार असल्याची बतावणी केल्यामुळे खातं कायमचं बंद करण्यात येत आहे. माहितीची विल्हेवाट धोरणानुसार.

वहिनींनी भावाला तोंडाला येईल ते सुनावलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. एरवी एकाला चार देणारा माणूस, पण त्या दिवशी त्याच्या तोंडून "मी चांगल्यासाठीच केलं गं ताई" याखेरीज शब्द फुटला नाही. मास्तरांनी यंत्र टेबलावर ठेवलं होतं आणि त्याकडे हातही नेला नाही. जाताना मेहुणा दाराशी घुटमळला. "भावोजी, एखादी शिवी तरी द्या हो," असं म्हणाला आणि जिना उतरून गेला.

त्यानंतर मास्तरांनी खिडकीत लिहिणं सोडून दिलं. वहिनींनी मात्र फोन सोडला नाही. शिवणाच्या मशीनशेजारी फोन ठेवून त्या नंबर लावायच्या. पलीकडून 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं सांगून पिपाणीसारखी एक धून लागायची, आणि त्या धुनेवर वहिनी रुमालांच्या कडा दुमडत राहायच्या. कोणी उचललं की पुन्हा पहिल्यापासून. कधी मध्येच फोन तुटायचा. त्या शांतपणे दोरा तोडायच्या आणि पुन्हा नंबर लावायच्या. मास्तर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. त्यांना सगळं ऐकू यायचं.

एका दुपारी वहिनींनी हाक मारली. "अहो, उठा. ही बाई तुमच्याशीच बोलायचं म्हणतेय."

मास्तर उठले नाहीत. वहिनीच फोन घेऊन आत आल्या.

"काका," पलीकडून आवाज आला. पोक्त बाईचा, थकलेला. "ताईंनी मला सांगितलंय. तुम्ही यंत्रावर बोला. सावकाश बोला. मी थांबते."

मास्तर उठून बसले. यंत्र लावलं. एक वाक्य बोलले. पलीकडून तिने ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं, "असंच म्हणालात ना?" मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. मास्तरांनी पान सांगितलं, आवाज सांगितले, मेहुण्याची लबाडी सांगितली आणि तिला आपणच होकार दिला हेही सांगितलं. घराबाहेरच्या कोणी त्यांचं इतकं ऐकून घेतलं नव्हतं. एका जागी त्यांना थांबावं लागलं. डोळ्यांतून पाणी आलं की भोकातून खोकला येतो, आणि खोकल्यात यंत्र चालत नाही. ती थांबली होती.

"मी स्वतः जाऊन बघते," ती म्हणाली. "उद्या मीच फोन करते."

त्या संध्याकाळी मास्तर दाढी करून स्वयंपाकघरात येऊन बसले. वहिनींना वाटलं, मिळालं. मास्तरांनाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "काका, तुमचं लिखाण मिळालं. सगळं. लोकांचे प्रश्न, तुमची उत्तरं, एकूण एक. खातंही मी पुन्हा सुरू करून घेतलंय."

"आवाज?" यंत्राने विचारलं.



"मोठ्या फायली आम्ही बॅकअपमध्ये घेतच नाही, काका. करारात लिहिलेलं असतं, पण ते कोणी वाचत नाही. मूळ जागेवर होत्या त्या फायली, पण फसवणुकीचा शेरा पडला की मुदत देत नाहीत. त्याच दिवशी पुसून टाकल्या." मग ती म्हणाली, "मला हा फोन आधी आला असता तर. मला माफ करा."

"तुमची. चूक. नाही," मास्तर म्हणाले. ते अगदी मनापासून म्हणाले होते. यंत्रातून ते तिला कसं ऐकू गेलं असेल, देव जाणे.

पान उघडलं. सगळं जिथल्या तिथे होतं. नावं होती, नावांखालची बटणंही होती. मास्तरांनी एक दाबलं. बटणाशेजारची आवाजाची पट्टी हललीच नाही. दुसरं दाबलं. मग वकिलाचं, मग पोहणं शिकवणाऱ्या बाईचं, मग पार खालचं, जो माणूस आता या जगात नव्हता त्याचं. वहिनी शेजारी उभ्या होत्या. त्यांनी मास्तरांचं मनगट धरलं आणि माउसवरून हात बाजूला केला.

सगळ्यांना कळवणं भाग होतं. मास्तरांनी एकच पत्र लिहिलं नाही, ज्याला त्याला वेगळं लिहिलं. काही जणांकडे घरी प्रत होती, ते सुटले. क्रेनवाल्याने लिहिलं, "जाऊ द्या मास्तर, मेलेल्या आवाजाचं काय घेऊन बसलात." त्याच्या मोठेपणाने मास्तर आणखीच खचले. वारलेल्या माणसाच्या बायकोने उत्तरच दिलं नाही.

बेकरीवाल्यांना मात्र पत्र लिहिता येईना. चार ओळी लिहायचे, पुसायचे. शेवटी एक दिवस ते आणि वहिनी बसने त्या गावी गेले.

बेकरी एका उताराच्या गल्लीत होती. पुढे काउंटर, त्यामागे बेकरीवाल्यांची बायको, आणि आत भट्टी. वहिनींनी ओळख सांगितली तशी त्या बाईचा चेहरा उजळला. "मास्तर! अहो, आत या, आत या. तुमचं नाव निघाल्याशिवाय आमचा दिवस जात नाही." तिने दोघांना आत नेलं.

बेकरीवाले भट्टीसमोर उभे होते. गळ्यावर वहिनींनीच शिवून पाठवलेला निळा रुमाल होता. ऑपरेशननंतर ते आज पहिल्यांदाच कामाला उभे राहिले होते. बाजूला एका ट्रेमध्ये काळेठिक्कर पाव पडले होते. श्वास नाकाऐवजी गळ्यातून जायला लागला की वास येत नाही. भट्टीतला पाव कधी भाजला हे त्यांना जन्मभर नाकाने कळायचं, ते आता कळलं नव्हतं. मास्तरांना बघून त्यांनी त्या ट्रेकडे बोट दाखवलं, तोंड उघडलं, खांदे हलले. हसत होते ते.

मास्तरांनी यंत्र काढलं. प्रवासभर जुळवलेली वाक्यं होती, ती एकामागून एक सांगितली. आवाज गेला. परत येणार नाही. मी नीट सांभाळला नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो.

बेकरीवाल्यांना पहिल्या खेपेला नीट कळलं नसावं. त्यांनी बायकोकडे बघितलं. वहिनींनी मान खाली घालून तेच पुन्हा सांगितलं.

बेकरीवाल्यांनी कागदाची एक पिशवी ओढली आणि पिठाच्या हाताने तिच्यावर पेन्सिलीने लिहिलं, "मी अजून ऐकलं नव्हतं." थांबले. मग खाली लिहिलं, "बाळ आलं की सगळे मिळून ऐकणार होतो." पिशवी मास्तरांच्या हातात दिली आणि भट्टीकडे वळले. फावडं आत घालून ते पाव काढायला लागले. ते पाव अजून कच्चे होते. बायको "अहो, झाले नाहीत ते," म्हणाली, तरी ते काढतच राहिले.

बाहेर काउंटरपाशी आल्यावर ती म्हणाली, "माझ्या फोनवरून काढून टाकलं होतं त्यांनी. जागा होत नव्हती. म्हणाले, मास्तरांकडे आहे, काळजी नाही."

"हो," वहिनी म्हणाल्या.

"घरात दिवसभर बडबड असायची त्यांची. मी ओरडायची, जरा तोंड मिटा म्हणून. एकदाही कोणी रेकॉर्ड केलं नाही. वाटलं, एक केलंय ना चांगलं."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. बाईने त्याला पाव बांधून दिले, सुटे मोजून दिले, पुन्हा या म्हणाली. मग या दोघांकडे न बघता म्हणाली, "तुम्ही निघा आता. मी रागावले नाही. पण तुम्ही निघा."

परतीच्या बसमध्ये मास्तर सगळी वाट ती पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. वहिनी एकदा म्हणाल्या, "कंपनीवर दावा लावता येतो म्हणे." मास्तर पिशवीला पडलेली चुणी तळहाताने सपाट करत राहिले.

बेकरीवाले पानावर पुन्हा आले नाहीत. मुलीला बाळ झाल्याचं वहिनींना दुसऱ्याच कोणाकडून कळलं. मेहुण्याने पान एका दुसऱ्या कंपनीकडे हलवून दिलं. त्याने या वेळी करार शब्दन्‌शब्द वाचला आणि रोजची प्रत घरी ठेवायची सोयही केली, पण ढगाचा विनोद केला नाही. प्रश्न येत राहिले. आंघोळीचे, शिंकेचे, झोपेचे. मास्तर उत्तरं देत राहिले, कारण न देऊन भागत नव्हतं. पण पूर्वी ते आपणहून नव्या माणसाची चौकशी करायचे, ते थांबलं. विचारलं तेवढंच सांगायचे. दुपारी जेवण झालं की भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि चहाला दोन-दोन हाका माराव्या लागायच्या.

पुढच्या वर्षी एका बाईचा निरोप आला. ती टेलिफोन ऑपरेटर होती, ऑपरेशनची तारीख ठरली होती. तिने लिहिलं होतं, "आवाज तुमच्याकडे ठेवता येतो असं एकाने सांगितलं. खरं आहे का? माझ्या मुलांना माझा आवाज आवडतो."

वहिनी मागे उभ्या राहून वाचत होत्या. "घ्या की," त्या हळूच म्हणाल्या. "आता घरी प्रत राहते. आता काही होत नाही."

मास्तरांनी उत्तर लिहायला घेतलं. आवाज रोज थोडा थोडा बोलून ठेवा, त्यांनी लिहिलं. फोनमध्ये ठेवा, मुलांच्या फोनमध्ये ठेवा, बहिणीकडे ठेवा, एक प्रत कपाटात ठेवा. कुठल्या खोलीत बसून बोलायचं, पंखा का बंद करायचा, फोन तोंडापासून किती लांब धरायचा, सगळं सविस्तर लिहिलं. हाका मारून ठेवा, हसून ठेवा, हेही लिहिलं.

"माझ्याकडे ठेवू नका," असं शेवटी लिहून त्यांनी उत्तर पाठवून दिलं. वहिनी मशीनपाशी जाऊन बसल्या आणि त्या बाईसाठी रुमाल बेतायला घेतला.